ड्रॅगनचा नमुना सतरा

रकानेसाहेबांच्या डोक्यात मुलांसाठी अद्भुत कादंबरी लिहायचं शिरलं, त्याला कारण एक जांभळा गळपट्टा.

गळपट्ट्याचा तसा काही दोष नाही. तो एका लेखकाच्या गळ्यात होता, आणि ते लेखक ड्रॅगन, जादूगार, बोलणारी झाडं वगैरे मंडळींवर जाडजूड कादंबऱ्या लिहीत. नऊ ते बारा वर्षांची मुलं त्या कादंबऱ्या जेवताना वाचत, बसमध्ये वाचत, गणिताच्या पुस्तकात लपवून वाचत. एके दिवशी हे लेखक शाळेच्या ग्रंथालयात सह्या द्यायला आले. रकानेसाहेब मुलीला घ्यायला गेले तेव्हा ती रांगेत उभी होती. तिचा नंबर लागला. लेखकांनी गळपट्टा मागे टाकला, सही ठोकली आणि विचारलं, "काय गं, तुमच्या घरी ड्रॅगन आहे की नाही?" मुलीनं मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं.

ती नजर रकानेसाहेबांच्या ओळखीची होती. मुलगी लहान होती तोवर ती रोज त्यांच्या वाट्याला यायची. तुटलेलं खेळणं जोडलं की यायची, जिन्यातला बंद पडलेला दिवा लावला की यायची. मग कधीतरी ती यायची थांबली, आणि थांबत असल्याची आगाऊ सूचनाही कोणी दिली नाही. आता तीच नजर एका परक्या गळपट्टेवाल्यावर उधळली जाताना पाहून रकानेसाहेबांना फार लागलं. घरी येताना त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "असतं काय गं एवढं त्या पुस्तकांत?"

"तुला नाही कळणार, बाबा," मुलगी म्हणाली आणि चालता चालता पुस्तकात शिरली.

या मुलीला घरात मुंगी म्हणत. घरातली कुठलीही वस्तू दिसली की ती गुपचूप ओढून आपल्या खोलीत न्यायची तिची लहानपणापासूनची सवय. चमचे, टाचण्या, एकदा तर शेजाऱ्यांचं पायपुसणं. आईला काही सापडेनासं झालं की ती आधी मुंगीच्या पलंगाखाली बघायची.

आणि रकानेसाहेब हेही अर्थात आईवडिलांनी ठेवलेलं नाव नव्हे. ते सरकारच्या नमुने विभागात मुख्य कारकून होते. आपण कचेरी-कचेरीत जे छापील अर्ज भरतो, ते कोणीतरी बसून तयार केलेले असतात हे लोकांच्या लक्षातच येत नाही. लोकांना वाटतं, ते पावसाळ्यात उगवतात. रकानेसाहेबांनी सव्वीस वर्षं रकाने आखले. आखलेला रकाना भरलाच पाहिजे, तो कोरा ठेवणं म्हणजे तोंड फिरवून निघून जाणं, असं त्यांचं मत. मुंगीच्या जन्माच्या वेळी दवाखान्याच्या अर्जावर चुकून 'व्यवसाय' असा रकाना बाळाच्या नावापुढे आला होता. तिथे त्यांनी सुवाच्य अक्षरात 'सध्या काही नाही' असं लिहिलं होतं.

तर असे हे रकानेसाहेब रोज सकाळी कचेरीला निघण्याआधी तासभर कादंबरी लिहायला बसू लागले. कादंबरीचं नाव 'धगधग्या आणि नऊ दारं'. धगधग्या हा ड्रॅगन. सुरुवातीलाच त्यांनी एक पण केला, की कचेरीच्या भाषेचा वाराही कादंबरीला लागू द्यायचा नाही. कचेरीत आयुष्यभर 'सदर', 'तथापि' आणि 'उपरोक्त' लिहिलं, आता साहित्य लिहायचं. त्यांनी जाडा शब्दकोश समोर घेतला आणि सूर्योदयापासून सुरुवात केली. नमनाला घडाभर तेल म्हणतात. रकानेसाहेबांनी पिंपच ओतलं. सोनेरी किरण आले, रुपेरी दवबिंदू आले, मंद समीर आला, तो गेला, पुन्हा आला. चौदाव्या पानापर्यंत सूर्य पुरता वर आलेला नव्हता. ड्रॅगन बिचारा त्रेपन्नाव्या पानाआड गुहेत वाट बघत बसला होता.

मराठी माणूस घराला रंग काढायचा म्हटलं तरी चार लोकांना विचारतो, मग कादंबरीचं विचारायलाच नको. रकानेसाहेबांनी कोणाला विचारलं नाही, पण त्यामुळे सल्ले यायचे थांबले नाहीत. समोरच्या दारात निवृत्त हेडमास्तर राहत. ते वही उघडून उभ्या उभ्या वाचायचे.

"तात्पर्य कुठे आहे?" हेडमास्तरांनी विचारलं.

"अद्भुत कादंबरी आहे. तिला तात्पर्य नसतं."

"मग मुलं ते वाचून करणार काय?"

"मजा वाटेल त्यांना."

"हं," हेडमास्तर म्हणाले. मजा हा शब्द त्यांनी चाळीस वर्षं वर्गाबाहेर उभा केला होता. "प्रत्येक प्रकरणाखाली तात्पर्य घाला. आणि तो ड्रॅगन पहाटे उठतो असं दाखवा."

वरच्या मजल्यावरच्या काकू विम्याचं काम करत, म्हणून त्या विमाकाकू. त्यांना गोष्ट आवडली, पण राजपुत्राची काळजी वाटली. "बारा वर्षांचा पोर, ड्रॅगनच्या गुहेत एकटा निघालाय, आणि त्याच्या नावावर एकही पॉलिसी नाही? असं कसं लिहिता हो तुम्ही?" जाताना त्या एक छापील पत्रक ठेवून गेल्या.

रकानेसाहेबांची बायको दातांच्या डॉक्टरांकडे पुढच्या टेबलावर बसायची. दिवसभर गाल धरून आलेल्या लोकांना धीर द्यायचा तिला सराव होता. खोटं ती कधी बोलायची नाही. तिनं पहिली चौदा पानं वाचली, वही मिटली आणि नवऱ्याच्या हातावर हात ठेवून म्हणाली, "थोडं दुखेल हं."

"काय?"

"सूर्य जरा लवकर उगवला तर बरं, अहो."

रकानेसाहेबांनी आठ दिवस तिच्याशी कामापुरतंच बोलायचं ठरवलं. दुसऱ्याच दिवशी चष्मा सापडेना, म्हणून तो निश्चय मोडावा लागला.

वर्षभरात कादंबरी पुरी झाली. प्रकाशकांनी ती ज्या वेगानं परत केली, त्या वेगानं त्यांनी बाकीची कामं केली असती तर देशाचं साहित्य कुठल्या कुठे गेलं असतं. शेवटी रकानेसाहेबांनी ती स्वतःच छापायची ठरवली आणि कचेरीच्या ओळखीचा मुद्रक गाठला. मुद्रक प्रामाणिक, कष्टाळू, पण त्याचा जन्म गेला पावती-पुस्तकं छापण्यात. "पुस्तकच ना? रोजचंच काम आहे," तो म्हणाला, आणि दुर्दैवानं ते खरं होतं. दोनशे प्रती वेळेवर आल्या. प्रत्येक पानाच्या डाव्या बाजूला वरपासून खालपर्यंत बारीक भोकांची रेघ होती, म्हणजे पान ओढलं की सरळ फाटून हातात यावं.

"अहो, ही कादंबरी आहे! ही पानं फाडायची नाहीत!"

"नका ना फाडू," मुद्रक समजुतीनं म्हणाला. "पण फाडायची वेळ आलीच, तर बघा कशी स्वच्छ फाटतात."

ती खरोखर स्वच्छ फाटत. हेडमास्तरांनी त्यांना भेट मिळालेली प्रत तीन दिवसांत परत केली, सोबत एक पाकीट. पाकिटात अठरा पानं व्यवस्थित फाडून, क्रमानं लावून ठेवली होती. "एवढी अनावश्यक वाटली," ते म्हणाले. "मुद्रकाची सोय मात्र फार चांगली. प्रत्येक लेखकानं ठेवावी."

पण रकानेसाहेबांचं लक्ष एकाच प्रतीकडे होतं. पहिली प्रत त्यांनी मुंगीला दिली होती. तिनं ती "थँक्यू बाबा" म्हणून घेतली, वास घेतला, आणि वाचायलाही लागली. खूण म्हणून ती बसचं तिकीट घालून ठेवायची. रकानेसाहेब ती शाळेत गेली की हळूच जाऊन बघत. पहिल्या दिवशी तिकीट सहाव्या पानावर होतं. दुसऱ्या दिवशी अकराव्या. तिसऱ्या दिवशी चौदाव्या. चौथ्या दिवशी चौदाव्या. महिना गेला, दोन महिने गेले, तिकीट चौदाव्या पानावर होतं आणि त्यावर धूळ बसायला लागली होती. एकदा न राहवून त्यांनी ते स्वतःच सरकवून साठाव्या पानावर, ऐन ड्रॅगनच्या तोंडात ठेवलं. दुसऱ्या दिवशी ते परत चौदाव्यावर आलं. मुलगी प्रामाणिक होती, तेवढंच एक समाधान.

एक शब्दही ती वाईट बोलली नाही. ती बोलली असती तर बरं झालं असतं. उलट जेवताना ती त्यांच्याशी जपून, दवाखान्यात भेटायला आल्यासारखी बोलायला लागली. रकानेसाहेबांच्या मनाला ते फार टोचलं.

मग त्यांनी विचार केला, की घरातलं पुस्तक घरच्यांना दिसत नसतं. तेच शाळेच्या ग्रंथालयात, काचेच्या कपाटात, कण्यावर क्रमांक चिकटवून उभं राहिलं, दुसऱ्या मुलांनी मागितलं, तर मुंगीही वाचेल. शाळेच्या ग्रंथालयात पुस्तक जायचं तर ग्रंथमान्यता कार्यालयाची मंजुरी लागते. त्यासाठी अर्ज करावा लागतो. तो अर्ज म्हणजे नमुना सतरा.

आता इथे हात दाखवून अवलक्षण कसं झालं ते सांगायला हवं. नमुना सतरा एकोणीस वर्षांपूर्वी तयार झाला होता, आणि तो खुद्द रकानेसाहेबांनी तयार केला होता. पुस्तकाचं नाव, लेखकाचं नाव, पानं, विषय असे दहा रकाने झाले, तरी खाली अर्धं पान कोरं उरलं. तेव्हाचे वरिष्ठ म्हणाले, "कोरी जागा ठेवू नका. लोक तिथे मनातलं लिहायला लागतात." तरुण रकानेसाहेबांनी जेवणाच्या सुट्टीत विचार करून अकरावा रकाना घातला: 'पुस्तकात प्राणी असल्यास त्याची जात, लिंग, वर्तन, मालकाचे नाव व संमतीपत्र.' शेजारी प्राण्यांची यादी दिली. यादीच्या शेवटी 'इतर' हा पर्याय असावा असं एक सहकारी म्हणाला होता. रकानेसाहेबांनी तो ठामपणे फेटाळला होता. 'इतर' म्हटलं की लोक आळशी होतात, हे त्यांचं तेव्हाचं वाक्य विभागात बरेच दिवस कौतुकानं सांगितलं जाई. पान शिगोशीग भरलं. वरिष्ठांनी पाठ थोपटली.

ग्रंथमान्यता कार्यालयात खिडकीशी एक बाई बसत. त्यांनी अर्ज वाचला, अकराव्या रकान्याशी बोट थांबलं.

"ड्रॅगन यादीत नाही."

"नाही, पण..."

"गाय आहे, घोडा आहे, ससा आहे. कासव आहे. यातलं एक निवडा."

"ड्रॅगनला कासव कसं म्हणू?"

"मग 'इतर' लिहा म्हटलं असतं, पण इथे 'इतर'च नाहीये." बाईंनी कपाळाला हात लावला. "कोण रिकामटेकडा बसून असले नमुने काढतो, देव जाणे. सापडला ना, तर त्याला इथे आठ दिवस बसवीन. थांबा, खाली बारीक अक्षरात कोणाची तरी आद्याक्षरं असतात..."

रकानेसाहेबांनी चपळाईनं कागदाच्या त्या कोपऱ्यावर अंगठा ठेवला आणि खिडकीबाहेर बघत म्हणाले, "हल्ली जबाबदारीनं काम करतंय कोण?" सव्वीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी स्वतःची एवढी निंदा कधी केली नव्हती. अंगठा त्यांनी अर्ज टोपलीत पडेपर्यंत उचलला नाही.

टोपलीत टाकण्याआधी अर्जात त्यांनी यादीतलं 'सरपटणारा, बिनविषारी' हे निवडलं, लिंग 'नर' आणि मालक 'कोणी नाही' असं लिहिलं, आणि वर्तनात खरं तेच लिहिलं: 'तोंडातून ज्वाळा सोडतो.' पंधरा दिवसांनी पहिलं त्रुटिपत्र आलं. ज्वाळा सोडत असल्यास अग्निशमन दलाचा ना-हरकत दाखला जोडावा.

घरी आलेल्या प्रत्येक कागदाची आणि घरून गेलेल्या प्रत्येक कागदाची एक प्रत ते फाईलला लावून ठेवत. तिला स्थळप्रत म्हणतात, आणि ती ठेवली नाही तर त्यांना झोप येत नसे. इथे एक चमत्कार घडला. कादंबरी लिहिताना एकेका वाक्यासाठी शब्दकोश पालथा घालणारे रकानेसाहेब त्रुटिपत्राचं उत्तर लिहायला बसले की पेन थांबायचं नाव घेत नसे. 'सदर ड्रॅगन जन्मापासून अर्जदाराच्या परिचयाचा असून आजवर त्याने एकाही इमारतीस आग लावलेली नाही. एका राजवाड्याचा अपवाद आहे, तथापि तो रिकामा होता.' हे त्यांनी एका बैठकीत लिहिलं. त्यात आपण काही विशेष करतोय असं त्यांच्या स्वप्नातही आलं नाही. त्यांच्या लेखी ते साधं उत्तर होतं.

अग्निशमन केंद्रावरचे अधिकारी फार मन लावून काम करणारे निघाले. आजवर त्यांच्याकडे कोणी आपणहून दाखला मागायला आलं नव्हतं. त्यांनी खुर्ची दिली. "ज्वाळेची लांबी?"

"साधारण चाळीस हात. रागावला तर साठ."

"गुहेला दुसरं दार आहे?"

"नऊ आहेत."

"वा!" अधिकारी खूष झाले. "शहरातल्या एकाही सिनेमागृहाला नाहीत. पण वाळूच्या बादल्या दिसत नाहीत कुठे." बादल्यांशिवाय दाखला मिळेना. रकानेसाहेबांनी साठाव्या पानावर एक वाक्य हातानं वाढवलं: 'गुहेच्या तोंडाशी वाळूच्या दोन बादल्या होत्या.' मग दोनशे प्रतींत दोनशे वेळा वाढवलं. अधिकाऱ्यांनी शिक्का मारला आणि दाराशी येऊन म्हणाले, "वाळू कोरडी ठेवायला सांगा त्याला."

दुसरं त्रुटिपत्र आलं, की प्राण्याला मालक दाखवलेला नाही; बेवारस प्राणी असल्यास मोकाट जनावरं पकडणाऱ्या विभागाला कळवण्यात येईल. मोकाट जनावरांची गाडी धगधग्याला न्यायला येईल या कल्पनेनं रकानेसाहेब अस्वस्थ झाले. आपण हसू, पण वर्षभर ज्याच्यासोबत सकाळ काढली त्याच्याबद्दल माया वाटतेच. त्यांनी मालक म्हणून स्वतःचं नाव घातलं, लेखक या नात्यानं मालकाला संमती मागणारं पत्र लिहिलं आणि मालक या नात्यानं लेखकाला काही अटींवर संमती दिली. एक अट अशी होती की ड्रॅगनचा यथोचित मान राखला जावा. लेखकानं ती नाराजीनं मान्य केली.

तिसरं त्रुटिपत्र सर्वांत वाईट होतं. मालक इमारतीत राहत असल्यास प्राणी पाळण्यास इमारतीच्या समितीची परवानगी जोडावी.

समितीची सभा रविवारी सकाळी हेडमास्तरांच्या घरी भरली. रकानेसाहेबांनी परोपरीनं सांगितलं, की ड्रॅगन खरा नाही, कागदावर आहे.

"सगळी संकटं आधी कागदावरच असतात," हेडमास्तर म्हणाले.

विमाकाकूंनी गच्चीवरच्या टाकीचं काय, असं विचारलं. उडून आला तर उतरणार कुठे? तळमजल्यावरचे एक गृहस्थ जिन्यातल्या वासाबद्दल बोलले. ते कुठल्याही सभेत जिन्यातल्या वासाबद्दलच बोलत. दीड तास चर्चा झाली. विमाकाकूंचं मत थोडं मऊ होत आलं होतं, कारण चाळीस हातांच्या ज्वाळेमुळे इमारतीतले सगळेच विमा उतरवतील असं त्यांच्या ध्यानात आलं होतं. पण हेडमास्तरांनी टेबलावर बोट आपटलं.

"आज ड्रॅगनला हो म्हटलं," ते म्हणाले, "तर उद्या लोक कुत्री आणतील."

या मुद्द्यापुढे कोणाचं काही चाललं नाही. ठराव एकमतानं नामंजूर झाला. रकानेसाहेब घरी आले आणि त्यांनी सभेचा वृत्तांत, कोण काय म्हणालं त्यासकट, नेहमीच्या काटेकोरपणे लिहून फाईलला लावला. मग त्यांनी कार्यालयाला कळवलं, की समिती ड्रॅगनला परवानगी देत नाही.

मग महिनाभर काहीच आलं नाही. एका गुरुवारी दुपारी खिडकीवरच्या बाईंचा फोन आला. रकानेसाहेब अर्धी रजा टाकून धावले. बाईंनी कागद पुढे केला. आज त्यांचा चेहरा दयाळू होता.

"साहेबांनी मार्ग काढलाय. वाचा."

कागदावर दोनच ओळी होत्या. पुस्तकातून सदर प्राणी वगळल्यास मान्यता देण्यास हरकत नाही.

"वगळा आणि मोकळे व्हा," बाई म्हणाल्या. "पुढच्या महिन्यात पुस्तक शाळाशाळांतून. तुमची पानं तर म्हणे आपोआप फाटतात."

रकानेसाहेब पायीच घरी निघाले. धगधग्याला काढायचं. उरेल काय? राजपुत्र, नऊ दारं आणि वाळूच्या दोन बादल्या. आणि सूर्योदय, तो भरपूर होता. पण पुस्तक कपाटात उभं राहील. त्यावर क्रमांक असेल, त्यांचं नाव असेल, मुंगी ते बघेल. गळपट्टेवाल्याच्या शेजारच्या खणात कदाचित. दोन वर्षांत एवढं जवळ ते कपाट कधीच आलं नव्हतं. घराशी पोचेपर्यंत त्यांनी मन घट्ट केलं होतं. लाल पेन्सिल घ्यायची, फाईल काढायची, होकाराचं उत्तर लिहायचं आणि मोकळं व्हायचं.

फाईल जागेवर नव्हती.

कपाटात नव्हती, टेबलावर नव्हती. रकानेसाहेबांच्या पायाखालची जमीन सरकली. चष्मा हरवला तर माणूस दुसरा करतो. फाईल हरवली तर काय करतो? तेवढ्यात मुंगीच्या खोलीतून आवाज आला. कोणीतरी वाचत होतं आणि मधेमधे गुदमरत होतं. रकानेसाहेब दाराआड उभे राहिले.

"'लेखकाने मालकाची अट नाराजीने मान्य केली...'" मुंगीचा आवाज होता. तिला हसण्यानं उचकी लागली होती. "आई, थांब, ऐक ना पुढे! 'समिती सदस्यांनी विचारले, की ड्रॅगन लिफ्ट वापरणार की जिना. अर्जदाराने उत्तर दिले, की त्याला पंख आहेत. सदस्यांनी विचारले, मग लिफ्टच्या देखभालीतला वाटा तो देणार का...'"

"पुरे, पुरे, पोटात दुखायला लागलं," बायको म्हणत होती. पलंगावर लवंडून ती डोळे पुसत होती. दातांच्या दवाखान्यात काम करणाऱ्या बाईला एवढं तोंड उघडून हसताना रकानेसाहेबांनी वर्षानुवर्षांत पाहिलं नव्हतं.

रकानेसाहेबांना प्रथम अपमान वाटला. साहजिकच होतं. ज्या पुस्तकात त्यांनी सोनेरी किरण आणि रुपेरी दवबिंदू ओतले ते चौदाव्या पानावर धूळ खात पडलं होतं, आणि ज्या कागदांत त्यांनी स्वतःचं काही म्हणून घातलं नव्हतं, ती स्थळप्रतींची फाईल इथे चवीनं वाचली जात होती. आता आत जावं, फाईल काढून घ्यावी आणि कचेरीच्या कागदांना हात लावू नये असं बजावावं, म्हणून ते दारात आले.

मुंगीनं मान वर केली.

"बाबा! तू सांगितलं का नाहीस हे असलं भारी लिहिलंयस म्हणून? मी शाळेतून आल्यापासून वाचतेय. आई म्हणाली, जेवायला ये, तर मी ताट इथेच आणलं." फाईल तिच्या मांडीवर उघडी होती. शेवटच्या कागदाशी बसचं तिकीट खोचलेलं होतं. "सगळं संपलं. इथे समिती नाही म्हणते. मग पुढे काय झालं? धगधग्याला नेलं का रे त्या गाडीनं?"

आणि तिनं त्यांच्याकडे तसं पाहिलं.

रकानेसाहेबांचा हात खिशाकडे गेला. खिशात दोन ओळींचा कागद होता. त्यांनी हात परत बाहेर काढला.

"नाही नेलं," ते म्हणाले. लगेच त्यांनी काटेकोरपणे दुरुस्ती केली, "अजून नाही नेलं."

"मग?"

"मग काय, कार्यालयाचं पत्र आलंय. त्याला उत्तर द्यायचंय."

"आत्ता दे! माझ्यासमोर दे!"

बायकोनं पलंगावर जागा करून दिली. रकानेसाहेबांनी मांडीवर पॅड ठेवून कोरा कागद घेतला, शब्दकोशाकडे पाहिलंसुद्धा नाही, आणि लिहायला सुरुवात केली. मुंगी त्यांच्या खांद्यावर हनुवटी टेकवून ओळीमागून ओळ वाचत होती.

'सदर प्राणी वगळण्याबाबतची आपली सूचना अर्जदाराने लक्षपूर्वक वाचली. तथापि कळविण्यास अत्यंत खेद वाटतो, की दरम्यानच्या काळात सदर प्राण्याने वाळूच्या बादलीत दोन अंडी घातली असून ती उबदार आहेत. प्राणी वगळल्यास अंड्यांचे काय करावे, याबाबत योग्य मार्गदर्शन व्हावे. नवा नमुना सतरा सोबत जोडला आहे.'

"अरे, पण धगधग्या तर नर आहे ना?" मुंगी ओरडली. "तूच तर लिहिलंयस पहिल्या अर्जात! मग अंडी कशी? ते विचारतील की!"

"विचारतील," रकानेसाहेब म्हणाले.

"हा अर्ज पास नाही होणार, बाबा."

"नाही होणार," ते शांतपणे म्हणाले आणि नमुना सतरा पुढे ओढून तो भरू लागले. पुस्तकाचं नाव, लेखकाचं नाव, पानं, विषय, एकेक रकाना त्यांनी सुवाच्य अक्षरात भरला. अकराव्या रकान्यात जात लिहिली, वर्तन लिहिलं, मालकाचं नाव लिहिलं. 'लिंग' या शब्दापुढे पेन क्षणभर थांबलं, आणि मग ती जागा तशीच कोरी ठेवून रकानेसाहेबांनी खाली सही केली.